मुडद्याने सोडलेला श्वास

"वर बघा… खाली बघा… आता माझ्या डाव्या कानाकडे बघा."

"डावा कान मोकळा आहे," खुर्चीतला माणूस अगदी गंभीरपणे म्हणाला.

"म्हणजे?"

"उजव्या कानात डूल आहे, डाव्यात नाही. मघाशी दारातल्या पायपुसण्यावर काहीतरी चमकलं होतं. मला वाटलं, टाचणी असेल."

तिचा हात चटकन कानाकडे गेला. खरंच की! डुलाची फिरकी सैल होती, दुरुस्त करून आणू-आणू म्हणता महिना गेला होता. ती दारापर्यंत धावली, पायपुसणं झटकलं आणि डूल मुठीत घेऊन परत आली, तेव्हा तिचे गाल उगाचच गरम झाले होते. सकाळपासून इतकी गिऱ्हाइकं येऊन गेली, एकाच्या तरी लक्षात आलं का? आणि हा म्हणे डोळे अधू झालेत म्हणून आलाय!

चष्म्याचं ते दुकान तिच्या बाबांचं. पुढे काचेची कपाटं आणि मागे पडद्याआड डोळे तपासायची अंधारी खोली. डोळे तपासायचं ती रीतसर शिकली होती, आणि बाबा आजारी पडल्यापासून दुकानही तीच सांभाळत होती. रोज कितीतरी डोळ्यांत इतक्या जवळून बघायची सवय. त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत बघताना लाजायचं असतं हे ती जवळजवळ विसरूनच गेली होती. आज आठवलं.

तिने बारीक बत्ती त्याच्या डोळ्यांवर धरली. डोळे लालभडक. पण नवल ते नव्हतं. नवल हे, की एवढा उजेड डोळ्यांवर असून हा माणूस पापणी लववत नव्हता.

"अहो, पापणी लववा की!"

"सवय नाही."

"पापणी लववायची सवय नाही?"

"लोक बघत असताना लववायची नाही," तो ओशाळून हसला. "कामच तसं होतं… जाऊ दे. मी पोहायला शिकवतो. दिवसभर औषध टाकलेल्या पाण्यात असतो."

"मग डोळे लाल होणारच. लांबचं थोडं कमी दिसतंय, त्याला चष्मा करू. आणि आता हे थेंब घालते. मान मागे टाका, डोळे मिटा, आणि मी सांगेपर्यंत हलू नका."

थेंब घातल्यावर माणसं काय काय करतात, हे तिला पाठ होतं. कुणी नाक आक्रसतं, कुणी ओठ चाटतं, कुणी दर घटकेला 'झालं का हो?' विचारतं. हा मात्र हात दोन्ही बाजूंना टाकून जो पडला, तो पडलाच. ना भुवई हलली, ना बोट. असं कुणी पडतं का? ती वाकून बघत राहिली, आणि एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं बाई!" ती ओरडली. "तुम्ही तर मेला होतात!"

*

आता हे ओरडणं कळायचं असेल, तर 'मागमूस' माहीत पाहिजे. दर शनिवारी संध्याकाळी लागणारी ही खुनाच्या तपासाची मालिका ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून चालू होती. मालिकेतल्या तपास अधिकाऱ्याच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या, मिशा तेव्हा काळ्याभोर होत्या, आता पांढऱ्याशुभ्र. खुनी सापडला की मोठे साहेब चहाचा कप संपवून बशीत उपडा ठेवत. कप उपडा पडला की केस संपली. मग बाबाही आपला कप उपडा ठेवायचे, आणि बहुतेकदा साहेबांच्या आधी! बाबा म्हणजे घरातले मोठे साहेब आणि ती त्यांची हवालदार. त्या नावाशिवाय बाबांनी तिला क्वचितच हाक मारली असेल. आई कपाळाला हात लावायची. "लोकांना जेवणाआधी भूक लागते," ती म्हणायची, "आमच्याकडे मुडदा लागतो!"

मग बाबांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. दुकानात गिऱ्हाइकाला गोष्टींत गुंगवून दोन-दोन चष्मे विकणारा माणूस, आता त्याच्या तोंडून पाणी मागायलाही शब्द फुटेना. शब्द आत होते, हे डोळ्यांत दिसायचं. पण ते कुठेतरी अडकून बसले होते. बोलायचे व्यायाम शिकवणारी बाई यायची, चित्रं दाखवायची, आणि बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे.

अशाच एका शनिवारी मालिकेत एका कारखानदाराचा खून झाला होता. दिवाणखान्यात प्रेत पडलेलं, आणि त्याच्याशेजारी उभं राहून मोठे साहेब लांबलचक भाषण करताहेत. भाषण संपता संपता प्रेताचं पोट हललं. हलकंसंच. पण चांगलं वर गेलं आणि खाली आलं. तेवढ्यात बाबांच्या खुर्चीतून आवाज आला.

"हव… हवालदार! श्वास!"

आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. मग तिघंही अशी रडली, की कारखानदाराला कुणी मारलं ते त्या घरात आजतागायत कुणाला माहीत नाही.

त्या आनंदात तिने तो प्रसंग मागे नेऊन फोनवर टिपला आणि मालिकेच्या चाहत्यांच्या गटावर पाठवून दिला. 'बाबा बोलले! प्रेताचा श्वास पकडला त्यांनी!' असं वर लिहिलंही. पण गटावरून तो तुकडा दुसऱ्या गटावर गेला, तिथून तिसऱ्यावर, आणि वाटेत कुठेतरी तिचं वाक्य गळून पडलं. उरलं काय, तर हलणारं पोट, आणि खाली लोकांचे शेरे. 'मालिका किती रसातळाला गेली बघा, आता मुडदेही जिवंत!' जो तो हसला.

आणि तो मुडदा आत्ता तिच्या खुर्चीत पडला होता.

*

"श्श! हळू!" मुडद्याने एक डोळा उघडला. मग त्याचा चेहरा जरा खुलला. "कुठल्या भागातला ओळखलात? विहिरीतला? की गोदामातला? गोदामात मी फार छान मेलो होतो."

"दि… दिवाणखान्यातला."

"अच्छा," त्याचा चेहरा उतरला. "श्वासवाला."

ती काही बोलणार, तर तोच सांगू लागला. तलावावर एकदा चित्रीकरण होतं, पाण्यात तरंगणारं प्रेत हवं होतं, आणि दम कोंडून धरण्यात त्याचा हात कोण धरणार? तेव्हापासून त्याला बोलावणं यायचं. पैसे बेताचेच. पण ज्या मालिकेसाठी लहानपणी अभ्यास चुकवला, तिच्यात मरायला मिळतंय, याचं त्याला केवढं अप्रूप होतं! सख्ख्या मावशीला फोन करून सांगायचा, "या शनिवारी बघ, मी बुडालोय."

"आणि मग तो तुकडा फिरला. त्यानंतर एकदाही फोन नाही आला मला." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "ज्याने कुणी तो फिरवला ना, त्याला एकदा खोल पाण्याच्या बाजूला उभं करून मागून ढकलायचंय. बस, एवढीच इच्छा आहे."

तिच्या हातातली थेंबांची बाटली हातातच राहिली. गेले कित्येक महिने तिला या अनोळखी माणसाचे पाय धरायचे होते. त्याला सांगायचं होतं, की बाबा रे, तू श्वास सोडलास म्हणून माझ्या बाबांना वाचा फुटली. पण आभार मानायचे म्हणजे तो तुकडा मीच पाठवला हेही सांगायला हवं. आणि इतक्या सुंदर, लालभडक डोळ्यांसमोर ते सांगायची तिची हिंमत होईना.

"चष्मा रविवारी मिळेल," ती कशीबशी म्हणाली. "दुपारी कोपऱ्यावरच्या बेकरीत या."

"चष्मा बेकरीत?"

"आम्ही तिथे जमतो दर रविवारी. 'मागमूस'वाले."

"जमून काय करता?"

"भांडतो," ती म्हणाली, आणि तो पहिल्यांदा मनापासून हसला.

*

बेकरीच्या मागच्या खोलीत दोन टेबलं जोडून ही सभा भरायची. अध्यक्ष मास्तर, म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं म्हणणं, मालिका घसरली, आणि ते उताराच्या कोनासकट सिद्ध करू शकत. लिफ्ट दुरुस्त करणारा एक धिप्पाड गडी होता, तो मास्तरांच्या प्रत्येक वाक्याला 'अगदी!' म्हणायचा. बेकरीवाल्या काकू बिस्किटं आणता आणता मध्येच तोंड घालायच्या. आणि ती. ती सगळ्यांत जहाल.

"पूर्वी एका तुटक्या गुंडीवरून साहेब खुन्याच्या घरापर्यंत पोचायचे!" त्या रविवारी ती तावातावाने सांगत होती. "आणि आता? जुळा भाऊ! गेल्या वर्षात तीन वेळा जुळा भाऊ निघाला. लोकांना एकेकटी मुलं होतच नाहीत का?"

"अगदी!" लिफ्टवाला म्हणाला.

"आणि दार उघडलं की तोच चेहरा तीन बाजूंनी दाखवतात," काकू म्हणाल्या. "तेवढ्यात माझा पाव भाजून होतो."

"मला आवडतात जुळे भाऊ," दारातून आवाज आला. तिचा पोहणारा उभा होता. बाहेर भुरभुर पाऊस लागला असावा, केसांवर बारीक थेंब होते. तिने ओळख करून दिली ती फक्त 'आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक' अशी. त्याने डोळ्यांनीच आभार मानले, आणि तिने चष्म्याची डबी त्याच्या हातात दिली.

"तुमच्या मते मालिका घसरलेली नाही?" मास्तरांनी चष्म्यावरून विचारलं.

"घसरलीय की. धडधडीत घसरलीय." तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. "पण मास्तर, घरातलं माणूस म्हातारं झालं की तीच गोष्ट दोनदा सांगतं. नावं विसरतं. जुळ्या भावांची गल्लत करतं. म्हणून आपण त्याच्याशी बोलणं टाकतो का? ज्याने आपल्याला इतक्या संध्याकाळी दिल्या, त्याच्या चार वाईट संध्याकाळी आपण सोसायच्या नाहीत?"

लिफ्टवाल्याने चुकून 'अगदी!' म्हटलं, आणि मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने बिस्किट तोंडात कोंबलं. ती मात्र कपात बघत राहिली. तिला घरच्या खुर्चीतले बाबा दिसत होते. हा माणूस आपल्याला आवडायला लागलाय, हे तिला तिथेच कळलं. कळलं आणि धडकीच भरली.

त्या दिवशी परत जाताना छत्री एकच होती, तिची.

"नवा चष्मा कसा वाटतोय?" तिने विचारलं.

"फार वाईट. सगळं स्पष्ट दिसतंय."

"मग वाईट काय त्यात?"

"तुमच्या नाकावर तीळ आहे. आता दुसरीकडे बघवत नाही."

"रस्त्याकडे बघा. पुढे खड्डा आहे."

"बघितलाय. पडायची तयारी आहे."

ती हसली, तेवढ्यात छत्री कलली आणि दोघंही एका बाजूने भिजली. सांगून टाकावं का आत्ता? तिने तोंड उघडलं… आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी याल ना?"

असे पुढचे कितीतरी रविवार गेले. दर वेळी ती मालिकेवर तुटून पडायची, तो मालिकेची बाजू घ्यायचा. टेबलाखाली मात्र एकाचा बूट दुसऱ्याच्या चपलेला टेकून बसलेला असायचा आणि दोघांनाही ते ठाऊक नसल्यासारखं दोघंही करायची. काकू तिच्या बशीत मलईची बिस्किटं जास्त घालू लागल्या. आणि दर वेळी छत्रीखाली ती तोंड उघडायची, आणि भलतंच काहीतरी बोलायची.

*

पण झाकली मूठ किती दिवस राहणार? एका रविवारी मास्तर तयारीनिशी आले. म्हणाले, ही विटंबना आता बघवत नाही. आपण सगळ्यांनी मिळून वाहिनीला कळवायचं, की मालिका मानाने बंद करा.

"आणि पुरावा म्हणून हे दाखवायचं!" त्यांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

दिवाणखाना. मोठे साहेब. जमिनीवरचं प्रेत. पोट वर गेलं, खाली आलं. लिफ्टवाला खो-खो हसला. पोहणारा कपाशी चाळा करत होता, त्याचा हात थांबला.

"आणि हे शोधून काढलं कुणी?" मास्तर कौतुकाने फुलले होते. "आपल्या चष्मेवालीच्या बाबांनी! आणि हिनेच पहिल्यांदा गटावर पाठवलं. वाघाची नजर आहे हो त्या घराला!"

तिने मान वर केली तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता. पापणी न लववता. चष्मा काढून त्याने तो सावकाश टेबलावर ठेवला, जणू काही पुढचं त्याला स्पष्ट बघायचं नव्हतं.

"छान नजर आहे," तो म्हणाला, आणि उठून निघून गेला. दारात पायरीला अडखळला, तरी मागे वळला नाही.

"याला काय झालं?" मास्तरांनी विचारलं. ती तो चष्मा दोन्ही हातांत धरून बसून राहिली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकानाला कुलूपच घातलं आणि सरळ तलाव गाठला. तिथे आज्यांचा वर्ग चालू होता. रंगीबेरंगी टोप्या घातलेल्या सात-आठ आज्या पाण्यावर उताण्या पडल्या होत्या, आणि तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून सांगत होता, "अंग सैल सोडा. हात बाजूला. अगदी मुडद्यासारखं पडा. आणि लक्षात ठेवा, बुडतोय असं वाटलं तर घाबरायचं नाही, श्वास घ्यायचा."

"मला बोलायचंय," ती काठावरून म्हणाली.

त्याने डोळे बारीक केले. चष्म्याशिवाय लांबचं त्याला दिसत नव्हतं, पण आवाज ओळखला. "वर्ग चालू आहे."

"मी तुमचा चष्मा आणलाय."

"ठेवा तिथे बाकावर."

"नाही ठेवणार." तिचा आवाज चढला. "तुम्हाला ऐकून घ्यायला लागेल. मग खुशाल मला खोल पाण्यात ढकला. तो तुकडा मीच पाठवला. पण तुमच्यावर हसायला नाही पाठवला! माझे बाबा कित्येक महिने बोलत नव्हते. एक शब्दही नाही. तुमचं पोट हललं आणि ते बोलले…"

"काय म्हणतेय ती?" एका आजींनी टोपी कानावरून वर केली. "मोठ्याने बोल गं बाई, पाण्यात ऐकू येत नाही!"

"हिचे बाबा बोलले म्हणे!" दुसरीने सांगितलं.

"कोण बाबा?"

"तुमचं पोट हललं आणि माझे बाबा बोलले!" ती आता सरळ ओरडत होती, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "'हवालदार, श्वास' म्हणाले! हवालदार म्हणजे मी! आता ते थोडं थोडं बोलतात, आईशी भांडतातसुद्धा! लोक म्हणतात मालिकेतली ती सगळ्यांत वाईट घटका होती. आमच्या घरातली ती सगळ्यांत चांगली घटका होती! तुमचे आभार कसे मानायचे तेच मला कळत नव्हतं… म्हणून नाही सांगितलं… आणि नंतर तुम्ही आवडायला लागलात, मग तर अजिबातच सांगवेना!"

तो पाण्याखाली गेला. पाणी त्याच्या डोक्यावर मिटलं आणि स्थिर झालं. वेळ जात राहिला.

"बुडाला की काय गं?" एक आजी म्हणाल्या.

"छे, विचार करतोय," दुसऱ्या आजींनी जाणकारपणे सांगितलं.

तो वर आला तो काठाशी, अगदी तिच्या पायांपाशी. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं, त्यात कुठलं पाणी कुठलं ते ओळखणं कठीण होतं. त्याने हात पुढे केला. तिने त्या हातात चष्मा ठेवला.

वर्ग सुटल्यावर दोघं काठावर पाय पाण्यात सोडून बसली. मग त्याने जे सांगितलं, ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मोठ्या साहेबांना आता आठवत नाही गं," तो म्हणाला. 'गं' कधी आला ते त्याच्या लक्षातही आलं नाही. "त्या भाषणात शेवटी खुन्याचं नाव घ्यायचं होतं. ते नावच त्यांना येईना. परत घेतलं, परत अडकले. किती वेळा, मोजदाद नाही. आजूबाजूला लोक कुजबुजायला लागले. मी जमिनीवर, आणि त्यांचे बूट माझ्या कानाशी. ते बूट थरथरत होते. दर वेळी मी मनात म्हणायचो, साहेब, सापडू दे, आता तरी सापडू दे. आणि एकदाचं सापडलं! सगळं भाषण एका दमात बोलले ते. मला इतकं बरं वाटलं… इतकं, की सुटला माझा श्वास."

"तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं की. पण सांगितलं असतं तर परत घ्यावं लागलं असतं. आणि साहेबांनी वाकून, माझा हात धरून मला उठवलं. लहान पोरासारखे हसत म्हणाले, 'जमलं रे!' त्यानंतर मी काय सांगणार? तुकडा फिरल्यावर मालिकेवाल्यांनी विचारलं मला, की लक्षात कसं नाही आलं तुझ्या. म्हटलं, नाही आलं."

तिला हुंदका आवरेना. एका म्हाताऱ्या माणसाला हरवलेला शब्द सापडला, म्हणून याने श्वास सोडला. आणि तो श्वास बघून दुसरीकडे, एका खुर्चीत, दुसऱ्या माणसाला त्याचे शब्द सापडले. हे कुणाला सांगायचं आणि कसं सांगायचं? तिने त्याचा ओला हात घट्ट धरला.

"हे बेकरीत कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"नाही सांगणार. पण मालिका बंद करा म्हणायलाही मी आता नाही." तिने नाक पुसलं. "आणि शनिवारी तुम्ही आमच्याकडे यायचं. बाबांना भेटायचं."

*

शनिवारी संध्याकाळी तो आला. केस नीट विंचरलेले, अंगात राखाडी लोकरी स्वेटर, आणि जिन्याच्या वळणावर पाय जड झालेले.

"ते रागावणार नाहीत ना?"

"ज्याने त्यांना बोलायला लावलं त्याच्यावर? किती वेळा सांगू? तुमचे उपकार…"

"रोज आभार मानणार आहेस का?"

"हो. काही हरकत?"

"आहे. आभार मानणारी माणसं एक दिवस शेवटचे आभार मानतात आणि जातात."

ती दोन पायऱ्या वर उभी होती, म्हणून डोळ्याला डोळा अगदी समोर आला. आजवर हजारो डोळ्यांत बघितलं असेल तिने, पण कुणाच्या डोळ्यांत स्वतः इतकी स्वच्छ कधी दिसली नव्हती.

"मी नाही जाणार," ती म्हणाली.

"ऐक ना. मी आजवर इतक्या वेळा…"

"ते वाक्य बोलायचं नाही! 'इतक्या वेळा मेलो, पण तुझ्यावर' वगैरे. बोललास तर इथूनच परत पाठवीन."

"बरं, नाही बोलत," तो हसला. "साधं सांगतो. मला तू आवडतेस. भांडताना तर फारच. आता तू. नाही जाणार म्हणालीस, त्याला पुरावा काय?"

पुरावा म्हणून तिने त्याला मिठीच मारली. जिन्यात तेव्हा कुणी नव्हतं म्हणून बरं.

घरात बाबा त्यांच्या खुर्चीत बसले होते, शेजारच्या टेबलावर आईने नुकताच ओतलेला चहा. टीव्हीवर 'मागमूस'ची सुरुवात झाली होती.

"बाबा, ओळखा पाहू, कोण आलंय?"

बाबांनी पाहुण्याला खालून वर न्याहाळलं. मान हलवली. नाही. पाहुण्याला काय सुचलं कोण जाणे, तो सरळ पुढे झाला आणि बाबांच्या पायांशी सतरंजीवर आडवा झाला. डोळे मिटले, हात बाजूला टाकले.

"अहो, हे काय, उशी तरी घ्या!" आई गडबडली.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. त्यांचे डोळे आक्रसले, मग मोठे झाले. दुकानात गिऱ्हाइकाला दारातच जोखणारी ती जुनी नजर तिला कितीतरी दिवसांनी दिसली. ते वाट बघत होते. आणि सतरंजीवरच्या मुडद्याने शहाण्यासारखा एक लांब श्वास सोडला.

"श्वास!" बाबा ओरडले, आणि हसू लागले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण पोट धरून हसले. आई पदराने डोळे पुसत हसू लागली. आणि तो डोळे मिटूनच, ओठ दाबून, रडू आवरत पडून राहिला.

मग एकाएकी बाबा हसायचे थांबले. त्यांनी आणखी वाकून पाहिलं. डावा हात उचलून पाहुण्याच्या खांद्याकडे दाखवलं. राखाडी लोकरीत काहीतरी चमकत होतं. डूल.

तिचा हात डाव्या कानाकडे गेला. कान मोकळा!

बाबांनी डुलाकडे पाहिलं, मग लेकीच्या लालबुंद झालेल्या कानाकडे, मग सतरंजीवरच्या पाहुण्याकडे, ज्याला आता खरंच मेल्यासारखं झालं होतं. त्यांचे ओठ हलले. शब्द अडला. पुन्हा हलले. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखून धरले.

"हवालदार…" बाबा म्हणाले, "पु… पुरावा… सापडला!"

आणि त्यांनी डाव्या हाताने कप उचलला, अगदी मोठ्या साहेबांच्या थाटात, आणि बशीत धाडकन उपडा ठेवला.

"अहो, अहो!" आई किंचाळली. "भरलेला होता तो!"

चहा टेबलावरून ओघळून सतरंजीवर उतरला, तिथून राखाडी स्वेटरकडे निघाला. पाहुणा उठून बसला, ती त्याच्याशेजारी जाऊन बसली, आणि बाबा ऐटीत मागे टेकले. पुसायला मात्र कुणीच उठलं नाही.